वळचणीचं पाणी

मृग निघायच्या आधीच्या दिवसांत बेळगावात पत्र्याच्या दुकानांसमोर टेम्पोंची रांग लागलेली असते. वळिवाचे एक-दोन तडाखे बसून गेलेले असतात. पहिल्याच तडाख्यात कुणाचं सरपण भिजलेलं असतं, कुणाच्या शेणी विरघळलेल्या असतात, कुणाची नवी गाडी रात्रभर पावसात उभी राहिलेली असते. एकदा जून लागला की इथल्या पावसाला खळ नसतो, आणि जांबोटी-कणकुंबीकडं तर तो कोसळतच असतो. म्हणून मग परसात किंवा घराच्या बाजूच्या बोळात चार लोखंडी पाइप रोवायचे, वर पत्रे ठोकायचे. वेल्डर सकाळी येतो, दिवेलागणीला जातो. एका दिवसात शेड उभं. परवानगी काढणं, हद्द बघणं, शेजाऱ्याला विचारणं, यांतलं काहीच त्या एका दिवसात बसत नाही.

मी घरांचे नकाशे काढते. महानगरपालिकेत मंजुरीला लागतात ते. माझ्याकडं येणाऱ्या माणसाच्या डोक्यात घराचा हॉल असतो, देवघर असतं, जिना असतो, आणि मागच्या बाजूचं शेडही असतं. पण शेडाचा विषय निघाला की तो आवाज खाली आणतो. "ते दाखवू नका मॅडम. ते आम्ही नंतर बघतो." नंतर म्हणजे मंजुरी आल्यावर, स्लॅब पडल्यावर, वास्तुशांत झाल्यावर. या शहरातली कितीतरी शेडं अशी नंतर आलेली आहेत. कुठल्याच नकाशावर ती नाहीत, आणि शेजारच्याच्या मनात मात्र खिळ्यासारखी आहेत.

आधी शेडाची बाजू मांडते, कारण ती कुणी मांडत नाही. ज्या घराला शेड लागतं त्याला ते हौसेपायी लागत नाही. तीस-चाळीसच्या प्लॉटवर, म्हणजे बाराशे चौरस फुटांत, आईवडील, दोन भाऊ, त्यांची मुलं राहतात. पाणी तापवायचा बंब घरात ठेवता येत नाही, धुरानं भिंती काळ्या होतात. सायकली, गाड्या, पाण्याची पिंपं, गावाकडनं आलेली भाताची पोती, शेंगांची पोती, आजोबांचं बाजलं, हे सगळं कुठं ठेवायचं? वडगाव-खासबाग-शहापूरच्या विणकर गल्ल्यांत तर माग घरातच असतो, आणि मागाला जागा दिली की माणसांची जागा मागं सरकते. अनगोळ, येळ्ळूर, उचगाव, कंग्राळी इथं अजून म्हशी आहेत. म्हशीला गोठा लागतो आणि वैरणीला आडोसा लागतो. पापड-चकल्या करून घर चालवणाऱ्या बाया आहेत, त्यांना वाळवण एकदम आत ओढायला छप्पर लागतं. ही माणसं शहराचे नियम मोडायचे म्हणून पत्रे ठोकत नाहीत. त्यांच्या जगण्याला घराची चौकट पुरत नाही, इतकंच.

पण जी मोकळी जागा ते झाकतात ती कुणी उगाच मोकळी ठेवलेली नसते. घराच्या चारी बाजूंना सोडायला लावतात त्या जागेला माझ्या धंद्यात सेटबॅक म्हणतात. त्यातनं उजेड येतो, वारा येतो, भिंतीला बाहेरून गिलावा करायला पहाड, म्हणजे परांची, बांधता येते, आग लागली तर एका घरातली दुसऱ्या घराला लगेच धरत नाही. आणि आमच्याकडं सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाणी मुरायला आणि वाहून जायला वाट राहते. कर्नाटकाच्या 1976 च्या महानगरपालिका कायद्यात इमारत या शब्दाच्या व्याख्येत शेड येतं, झोपडी येते, आणि ती कशाचीही असली, विटांची, लाकडाची, मातीची की पत्र्याची, तरी येते. म्हणजे चार पाइप आणि सहा पत्रे कायद्याच्या डोळ्यांनी इमारतच. ती बांधायला कलम 299 खाली अर्ज करायचा असतो. विनापरवाना उभी केली तर कलम 321 खाली नोटीस येते. आधी तात्पुरता आदेश आणि 'का पाडू नये याचं कारण दाखवा', मग उत्तर ऐकून पाडण्याचा आदेश कायम. सात मजली इमारतीला हीच वाट आणि पापडाच्या शेडालाही हीच.

एवढ्याशा शेडासाठी कोण नकाशा काढून, फी भरून, उतारा जोडून, खेपा घालून मंजुरी घेणार? कुणी घेत नाही. आणि गल्लीगल्लीत फिरून शेडं मोजायला महापालिकेकडंही माणसं नसतात. मग कायदा जागा कधी होतो? शेजाऱ्यानं तक्रार केली की. ज्याचं शेजाऱ्याशी बरं आहे त्याचं शेड वर्षानुवर्षं उभं राहतं, ते कितीही चुकीचं असलं तरी. ज्याचं बिनसलं त्याचं पडतं, ते कितीही निरुपद्रवी असलं तरी. यात मापाला काही किंमत उरत नाही. नियम सांभाळायचं जे काम संस्थेचं, ते शेजाऱ्याच्या गळ्यात पडतं. त्यानं ते केलं तर तो चुगलखोर ठरतो, नाही केलं तर त्याची भिंत भिजते.

भिंत भिजणं म्हणजे काय हे पावसाळी मुलखाबाहेरच्या माणसाला चटकन कळायचं नाही, म्हणून हिशोब मांडते. दहा बाय बारा फुटांचं शेड म्हणजे साधारण अकरा चौरस मीटर पत्रा. दिवसभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, आणि आमच्याकडं जुलैत तसे दिवस येतातच, तर त्या पत्र्यावर साडेपाचशे लिटर पाणी पडतं. कौलांवरनं ते पागोळ्यांनी ठिबकत आलं असतं. पत्र्यावरनं ते धार धरून येतं. उतार शेजाऱ्याकडं असला, पन्हळ नसली, तर ही सगळी धार एका सरळ रेषेत त्याच्या भिंतीच्या पायाशी पडते. जुन्या बेळगावात अजून मातीच्या, कच्च्या विटांच्या भिंती आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये या जिल्ह्यात अशी कितीतरी घरं बसली. नदीकाठी पुरानं बसली, आणि पूर जिथं पोहोचला नव्हता तिथंही नुसत्या भिजण्यानं बसली. तेव्हापासून मातीच्या भिंतीचा मालक पावसात रात्री उठून भिंतीला हात लावून बघतो. त्याला 'एवढ्याशा पाण्यानं काय होतंय' असं सांगू नये.

दक्षिण भागातल्या एका गल्लीतलं प्रकरण माझ्याकडं आलं होतं. नावगाव देत नाही. एक अक्का पापड, कुरडया, शेवया करून विकते. नवरा गेल्यावर तिनं दोन मुलांना याच्यावर शिकवलं. तिनं परसात शेड टाकलं, दहा बाय बाराचंच, शेजारच्या भिंतीला जवळजवळ टेकून. शेजारी एक अज्जा. घरात कन्नड बोलणारे, पण गल्लीत मराठी, बाजारात मराठी, अक्काशी मराठी. दोन्ही घरांची देवाणघेवाण कशी होती, तर अज्जांच्या घरची सून अक्काची सगळी कागदं वाचून द्यायची. रेशनचं, लाइट बिलाचं, बँकेचं. अक्काला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. सुनेला दोन्ही येतं. अक्का बदल्यात दर वर्षी त्यांच्या घरचे उडदाचे पापड फुकट लाटून द्यायची.

पत्रे चढले त्याच दिवशी अज्जा येऊन म्हणाले होते, "भिंत मातीची हाय बघ अक्का. तेवढं पाण्याचं बघ." अक्का मला सांगत होती, "मी काय मुद्दाम केलो काय वो? पन्हळ लावतो म्हटलो होतो. पैशे आले की लावतो म्हटलो." ते पैसे आले नाहीत, पाऊस आला. अज्जांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल चढली. अज्जांनी पुन्हा तोंडानं काही सांगितलं नाही, वयाची माणसं एकदाच सांगतात. त्यांचा धाकटा मुलगा बेंगळुरूला नोकरीला. तो गौरी-गणपतीला घरी आला, भिंत बघितली, आणि परत गेल्यावर तिकडनंच तक्रार टाकली. घरात कुणाला सांगितलं नाही.

नोटीस आली. ती कन्नडमध्ये होती, इथं नोटिसा कन्नडमध्येच येतात. अक्का नेहमीच्या सवयीनं कागद घेऊन शेजारी गेली, सुनेच्या हातात दिला आणि म्हणाली, बघ गं काय आलंय. सुनेनं वाचायला सुरुवात केली. शेडाची लांबी-रुंदी आली, अक्काचं नाव आलं, आणि मध्येच ती थांबली. तक्रार कुणाची हे त्यात लिहिलेलं नव्हतं. पण त्या बाजूला दुसरं घरच नाही. "आमच्या भावजींनी केलं असंल अक्का, मला खरंच माहीत न्हाई," एवढंच ती म्हणाली. पुढची ओळ तिनं वाचली नाही आणि अक्कानं विचारली नाही. तो कागद शेवटी माझ्या टेबलावर आला तेव्हा त्याची घडी घामानं मऊ पडलेली होती.

या प्रकरणात वाईट माणूस मला शोधूनही सापडत नाही. अक्काकडं पन्हळीला पैसे नव्हते. अज्जांनी सांगायचं ते सांगितलं. मुलानं बापाची भिंत वाचवायला त्याला ठाऊक होता तो एकच मार्ग धरला. कार्यालयातल्या माणसानं आलेल्या तक्रारीवर नोटीस काढली, ती काढणं त्याला भागच होतं. बिघाड आहे तो व्यवस्थेच्या क्रमात. शेड उभं राहण्याआधी बोलायला हवी होती ती संस्था शेड उभं राहून, भिंत भिजून, मनं बिघडून झाल्यावर बोलली, आणि तेही पाडण्याच्या भाषेत.

गल्लीतल्या काही लोकांनी याला दुसराच रंग द्यायला बघितलं. एक घर मराठी, एक कन्नड, एवढं दिसलं की इथं काही जणांना पुरतं. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासूनचं दुखणं खरं आहे आणि ते माझंही आहे. पण पत्र्यावरून पडणारं पाणी त्या दुखण्यातलं नाही. हे दोन्ही घरांनी ओळखलं, आणि कुणाही पुढाऱ्याला त्यांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्याबद्दल मला त्या दोन्ही घरांविषयी मनापासून आदर आहे. भाषेचा भाग होता तो एवढाच, की जिचं छप्पर जाणार तिला तो कागद वाचता येत नव्हता. संविधानाचं कलम 350 सांगतं की आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. अक्काचं उत्तर आम्ही मराठीत लिहिलं आणि सोबत कन्नड प्रत जोडली. नोटिशीसोबतही अशी दुसरी प्रत यावी, ही मागणी इथले लोक उगाच करत नाहीत.

माझी मावसबहीण इंग्लंडात लेस्टरला राहते. तिनं मागच्या बागेत सायकलींसाठी लाकडी शेड टाकलं तेव्हा मी तिला पहिला प्रश्न विचारला, परवानगी? ती म्हणाली, लागत नाही, माप पाळलं की झालं. मला आश्चर्य वाटलं, म्हणून मी ते सगळं नीट समजून घेतलं. तिथं 2015 चा एक आदेश आहे. त्यात घराच्या आवारातल्या अशा छोट्या बांधकामांना वेगळा अर्ज न करता आधीच परवानगी देऊन टाकलेली आहे, काही मोजमापं पाळण्याच्या अटीवर. हद्दीपासून 2 मीटरच्या आत शेड असेल तर एकूण उंची 2.5 मीटरच्या वर जाता कामा नये. त्याहून लांब असेल तर दुपाखी छपराला 4 मीटर, बाकीच्यांना 3 मीटर. वळचणीची उंची कुठंही 2.5 मीटरपर्यंतच. घराच्या दर्शनी बाजूच्या पुढं शेड नको. मूळ घराभोवतीच्या जमिनीपैकी निम्म्याहून जास्त जमीन बांधकामांनी झाकली जाता कामा नये. आत झोपायची सोय नसेल आणि शेडाच्या आतलं क्षेत्रफळ 15 चौरस मीटरपर्यंत असेल तर बांधकामाच्या तांत्रिक मंजुरीचीही सहसा गरज नाही. उंची कुठून मोजायची हेसुद्धा ठरलेलं आहे: शेडालगतची जमीन जिथं सर्वांत उंच असेल तिथून. उताराच्या जागेवर यावरनंच भांडणं होतात, म्हणून ते आधीच लिहून ठेवलं.

तिथं भांडणं होत नाहीत असं मात्र नाही. बहिणीच्या शेजाऱ्यानंही तक्रार केली होती, शेडानं त्याच्या टोमॅटोंवर सावली पडते म्हणून. कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, माणूस आला, टेप लावला, उंची मापात निघाली, प्रकरण बंद. शेजारी नाराज राहिला, पण त्याचा राग मापावर राहिला, माझ्या बहिणीवर कमी. तिथं कुंपणाच्या उंच झाडीवरून इतके वाद व्हायचे, की 2003 च्या एका कायद्यात 2 मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणाविषयी तक्रार ऐकायची वेगळी सोय करावी लागली. आणि एक गोष्ट तिथंही सुटलेली नाही: हद्द नेमकी कुठं आहे हे कौन्सिल सांगत नाही. जमिनीच्या नोंदणीतल्या नकाशावरची लाल रेघ साधारण हद्द दाखवते, इंच सांगत नाही. बांधायला परवानगी असणं वेगळं आणि जागा तुमची असणं वेगळं. हा फरक तिथल्या लोकांना नीट ठाऊक असतो. आमच्याकडं मंजूर नकाशा हातात आला की माणसाला वाटतं, हद्दही मंजूर झाली.

हद्दीचं आमच्याकडं आणखी गुंतागुंतीचं आहे. जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस तमक्याचे परसू, पश्चिमेस सरकारी बोळ. फूट-इंच असतीलच असं नाही, पण शेजाऱ्याचं नाव हमखास असतं. माझ्याकडं येणाऱ्या कागदांत मोडीतली खतं असतात, मराठीतले जुने उतारे असतात, आणि पुढचे सगळे कन्नडमधले. एकाच भिंतीच्या एका बाजूचा कागद मराठीत आणि दुसऱ्या बाजूचा कन्नडमध्ये, आणि दोन्ही खरे. मग सिटी सर्व्हेला अर्ज करून मोजणी मागवायची. मोजणीच्या दिवशी दोन्ही घरं दारात उभी. गुंठ्यावर विकलेल्या शेतातल्या प्लॉटचं तर विचारूच नका. तेहतीस बाय तेहतीस फूट, म्हणजे 1089 चौरस फूट, बाँडपेपरवर लिहून घेतलेले. तिथं बिगरशेती झालेली नसते, रस्ता कागदावर नसतो, मग शेडाला नियम कुठला लावणार?

शेजारी इतका हटून का बसतो, एक फुटासाठी कोर्टात का जातो, याला नुसती भाऊबंदकी म्हणून सोडून देता येत नाही. कायद्यानंच त्याला तसं शिकवलंय. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, तिच्यावर आपलाच हक्क सांगत, बारा वर्षं ताबा राहिला तर मूळ मालकाची ती परत मागायची मुदत संपते, असं 1963 चा मुदतीचा कायदा सांगतो. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं अखंड, उघडपणे आणि हक्कानं वापर झाला की उजेडाचा, वाऱ्याचा, वाटेचा, पाणी सोडण्याचा हक्क पक्का होतो. तो कायदा मुंबई इलाख्याला 1891 मध्ये लागू झाला आणि बेळगाव तेव्हा त्या इलाख्यातच होतं. म्हणजे आज 'राहू दे, शेजारीच आहे' म्हणून गप्प बसलेल्या माणसाच्या नातवाला उद्या त्या पागोळ्या कायमच्या सोसाव्या लागू शकतात. अज्जांच्या मुलाला हे कुणीतरी सांगितलेलं होतं. चांगुलपणानं गप्प बसण्याची किंमत मोजावी लागते हे एकदा कळलं, की चांगली माणसंसुद्धा नोटिसा पाठवायला लागतात.

यावर इलाज त्याच कायद्यात आहे आणि तो फुकट आहे. परवानगीनं केलेल्या वापरातनं हक्क तयार होत नाही. 'तुझ्या परवानगीनं माझ्या पत्र्याची कड तुझ्या बाजूला सहा इंच आली आहे, तू सांगशील तेव्हा मी ती काढीन' असं साध्या कागदावर लिहून, दोघांनी सही केली, की जागा देणाऱ्याची जमीन सुरक्षित राहते आणि घेणाऱ्याचं छप्परही राहतं. मी हे सांगते तेव्हा लोक दचकतात. शेजाऱ्याकडनं लिहून घ्यायचं म्हणजे अविश्वास, असं त्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. लिहायला बसलं की पहिल्यांदाच दोन घरं पाण्याविषयी, उंचीविषयी, खिडकीविषयी बोलतात. भांडणाच्या मुळाशी बहुतेक वेळा शेड नसतंच. 'आम्हाला विचारलं नाही' हे असतं.

अक्काच्या शेडाचं पुढं असं झालं. तिच्या थोरल्या मुलानं आणि वेल्डरनं मिळून पत्रे उतरवले. पाइप भिंतीपासून दीड फूट आत घेतले. उतार फिरवला, आता पाणी तिच्याच अंगणात पडतं, पन्हळीतनं पिंपात जातं, आणि ते पाणी ती भांड्यांना वापरते. शेड साडेआठ फूट रुंद राहिलं, वाळवणाच्या दोन बाजा कमी बसतात. अज्जांच्या भिंतीला खालनं सिमेंटचा गिलावा करून दिला, निम्मा खर्च अक्काचा. कार्यालयात आम्ही उत्तर दिलं, माणूस येऊन बघून गेला. पण हे नवं, सुधारलेलं, कुणालाही त्रास न देणारं शेडही कागदावर कुठंच नाही. ते आजही तितकंच विनापरवाना आहे जितकं पहिलं होतं, कारण कमी त्रासाच्या शेडासाठी नियमांत वेगळा कप्पा नाही. उद्या दुसऱ्या कुणाच्या मनात आलं तर नोटीस पुन्हा येऊ शकते.

आणि अक्का आता कागद वाचून घ्यायला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या पोराकडं जाते. सून तिला रस्त्यात भेटते, दोघी बोलतात, पापड यंदाही लाटून दिले. पण कागद घेऊन ती त्या दारात जात नाही. भिंतीला गिलावा करता आला, याला काय करायचं मला ठाऊक नाही.

म्हणून मला वाटतं, आमच्या महानगरपालिकेनं आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी छोट्या शेडांसाठी एक पानाचा नियम करावा. कन्नड आणि मराठीत छापावा, वॉर्ड ऑफिसात लावावा, पत्र्याच्या दुकानांतही लावावा, कारण लोक तिथंच जातात. एवढ्या क्षेत्रफळापर्यंत, एवढ्या उंचीपर्यंत, निदान एक बाजू उघडी, आत झोपायचं नाही, पाण्याचा उतार स्वतःच्याच जागेत, पन्हळ सक्तीची, हद्दीपासून इतकं अंतर. हे पाळलं तर नकाशा नको, नुसती सूचना द्या आणि पोच घ्या. इंग्लंडातले आकडे इथं जसेच्या तसे आणायचे नाहीत. तिथं उंचीचा प्रश्न मोठा आहे, आमच्याकडं पाण्याचा. आमच्या नियमात पन्हळीचं कलम पहिलं असलं पाहिजे. आणि तक्रार आलीच तर नोटिशीच्या आधी एकदा दोन्ही घरांना समोरासमोर बसवावं. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात वस्तीतल्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीचं प्रकरणच आहे, म्हणजे कल्पना काही परकी नाही. आमच्या गावांत पंच हेच करत आले. फरक एवढाच, की पंचांपुढं बाईमाणसाला फारसं बोलू दिलं जात नसे. नव्या बैठकीत अक्कासारखीला पहिल्यांदा बोलू द्यावं.

अडचण मला दिसते. वडगावच्या गल्लीत घराला घर लागून आहे, भिंत दोघांत एक, परसातला आडही कुठं कुठं दोघांत एक. तिथं हद्दीपासून तीन फूट सोडा म्हणणं म्हणजे शेड टाकूच नका म्हणणं. कौलांत बसवलेल्या काचेतनं घरात उजेड येतो, त्या काचेवर शेजाऱ्याच्या पत्र्याची सावली पडली की भर दुपारी मागावर दिवा लावावा लागतो. तिथं अंतराचं माप चालणार नाही. तिथं उजेडाचं आणि पाण्याचं माप लावावं लागेल, आणि शेजाऱ्याची लेखी संमती हाच मुख्य आधार धरावा लागेल. गणपतीच्या आधी मूर्तिकार महिने महिने मंडप घालून बसतात, अर्धा रस्ता अडतो, तरी कुणी तक्रार करत नाही. कारण तो मंडप कधी निघणार हे सगळ्यांना माहीत असतं. जुन्या गल्ल्यांतल्या शेडांनाही अशी मुदत घालता येईल. तीन वर्षांची संमती, मग पुन्हा विचारायचं.

तोवर मी माझ्यापुरतं एक करते. नवीन घराचा नकाशा काढताना मी विचारतेच, शेड कुठं टाकणार आहात? 'नंतर बघू' म्हटलं तरी मंजुरीच्या नकाशाबाहेर, वेगळ्या कागदावर, तुटक रेघांनी ते काढते. उतार बाणानं दाखवते, पन्हळ दाखवते, पिंप कुठं ठेवायचं ते दाखवते. आणि तो कागद घेऊन आधी शेजारी जाऊन या, मग वेल्डरला बोलवा, असं सांगते. सगळे जात नाहीत. यंदाच्या मे महिन्यात शहापुरातले एक काका मात्र गेले. त्यांना शेडात मिरची-मसाल्याचं कांडप यंत्र बसवायचं होतं. शेजारच्या वहिनींनी सही दिली, पण अट घातली: यंत्राचं तोंड आमच्या खिडकीकडं नको, आणि मुलीची दहावी आहे, संध्याकाळी सातनंतर चालवायचं नाही. काका जरा कुरकुरले, मग म्हणाले, बरोबर आहे की त्यांचं. मी यंत्राची जागा पलीकडच्या कोपऱ्यात नेली, धुराड्याचा पाइप फिरवला, आणि वेळेची अट खाली दोघांच्या सह्यांच्या वर लिहून टाकली. त्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि दोन्ही घरांत एकेक दिली.